जुन्या गाडीच्या बाजूने एकतीस मुद्दे

आधी कबूल करा की हसणार नाही, मग सांगतो. जाऊ द्या, हसाल तुम्ही. सगळेच हसतात. वैशालीच्या माहेरी तर पोह्यांवर तर्री वाढावी तशी ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वाढली जाते, आणि मी, म्हणजे त्या घरचा थोरला जावई, मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखा चेहरा करून बसतो.

माझं काम तुम्हाला माहीत असेल. नसेल तर सांगतो. एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेत मी चोवीस वर्षं काढली आहेत. खुर्च्या घ्यायच्या असोत, कूलर घ्यायचे असोत, की साहेबांच्या केबिनचे पडदे, कागद माझ्याच टेबलावर येतो. तीन दरपत्रकं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि खाली शिफारस लिहायची.

आता लोकांना वाटतं, आधी तुलना होते आणि मग निवड. अहो, किती साधे आहात तुम्ही! आधी निवड होते. साहेब नुसतं म्हणतात, ‘ते अमके कूलर बरे वाटतात नाही?’ की मी समजून जातो. त्या कूलरला चाकं असतील तर तक्त्यात ‘चाके’ असा वेगळा रकाना काढायचा आणि बाकीच्या दोघांना तिथं आडवं करायचं. चाकं नसतील तर लिहायचं, ‘चाके नसल्याने जागचा हलत नाही, सबब सुरक्षित.’ ही एक कला आहे. आमच्याकडे नवीन माणूस लागला की त्याला माझ्याजवळ आणून बसवतात.

बरं, आता गाडी.

दीड वर्षापूर्वी मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. छोटी एसयूव्ही, पांढरीशुभ्र. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. मनीषनगरात आमच्या बिल्डिंगमधली ती पहिली इलेक्ट्रिक गाडी! चार्जिंगचा पॉइंट बसवायचा तर सोसायटीची खास सभा झाली. दुसऱ्या मजल्यावरचे बोरकर काका उभे राहून म्हणाले, “पावसात करंट उतरला तं लिफ्टले धक्का बसन का?” मी उठलो आणि वीस मिनिटं उत्तर दिलं. मला त्यातलं काही कळत होतं अशातला भाग नाही, पण टाळ्या मिळाल्या. संध्याकाळी गाडी चार्जिंगला लावली की लोक मुलांना दाखवायला खाली आणायचे.

हा थाट पाच महिने टिकला. पाच महिन्यांनी कंपनीनं त्याच गाडीची सुधारित आवृत्ती काढली आणि जुनी बनवणं बंद केलं.

सुधारित! म्हणजे माझी काय बिघडलेली होती का?

आणि ती घेतली कोणी? माझ्या साडूनं! प्रफुल्ल त्याचं नाव. हिंगण्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. माणूस इतका सरळ की हॉटेलात वेटरनं ‘आणखी काही?’ विचारलं तर त्याला वाईट वाटू नये म्हणून आणखी काहीतरी मागवतो. माझी गाडी पाहूनच त्यानं इलेक्ट्रिक घ्यायचं ठरवलं आणि शोरूममध्ये जाऊन जी मिळाली ती घेतली. जी मिळाली ती नवी निघाली, याला तो बिचारा काय करणार? मी मात्र अभिनंदन करताना म्हणालो, “काही फरक नाही गा. समोरची लाईट तेवढी बदलवली.”

एप्रिल संपेपर्यंत मी याच मतावर ठाम होतो. मग ती धंतोलीची दुपार आली.

सासूबाईंना गुडघ्यांसाठी दवाखान्यात नेलं होतं. आमच्याकडे सासूचा गुडघा दुखला की सगळे जावई हजर असावे लागतात. माझी गाडी वैशालीकडे होती, म्हणून परत येताना मी प्रफुल्लच्या गाडीत बसलो. दुपारचे तीन वाजलेले. गाडी उन्हात उभी असल्यामुळे दाराला हात लावला की चटका बसायचा. माझा शर्ट पाठीला असा चिकटलेला की तो अंगातून काढायला दोन माणसं लागली असती.

प्रफुल्ल म्हणाला, “भाऊ, पाठ टेकवा. एक बटन दाबतो.”

आणि काय सांगू! सीटमधून हवा आली हो! गार हवा! पाठीला, कमरेला, आणि जिथं नागपूरच्या माणसाला मार्च ते जून कधीच हवा लागत नाही तिथंसुद्धा! माझे डोळे आपोआप मिटले. धंतोलीपासून मनीषनगरपर्यंत कोणते सिग्नल लागले, कोण आडवं आलं, मला काहीही माहीत नाही. उतरलो तेव्हा शर्ट वाळलेला होता.

“कसं वाटलं भाऊ?”

“ठीक आहे,” मी म्हणालो. “पण अशानं सर्दी होईन बावा.”

सर्दी! मी तिथल्या तिथं मनात ठरवलं होतं की हीच गाडी घ्यायची. प्रश्न एवढाच होता की आधीची कोणाच्या गळ्यात घालायची?

आणि बघा, त्याच संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला.

आमचे सासरे, मामाजी म्हणतो आम्ही त्यांना, लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले. ऑडिटचा माणूस. लोकांचे कागद तपासण्यात चौतीस वर्षं गेलेली. आमच्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते तेव्हा हे मंडपवाल्याच्या खुर्च्या मोजत होते. बावीस वर्षांत त्यांनी मला कधी एका शब्दानं सल्ला विचारला नव्हता. मी खरेदी शाखेत आहे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांनी नुसतं ‘असं का,’ म्हटलं होतं, आणि ते ‘असं का’ मला अजून टोचतं. त्यांच्यासमोर एकदा तरी आपलं वजन पडावं, ही माझी जुनी हौस.

तर ते फोनवर म्हणाले, “जावईबापू, आमच्या पेट्रोलच्या गाडीनं आता राम म्हटला. हिच्या गुडघ्याचं असं, रोज रिक्षा परवडत नाही जिवाले. इलेक्ट्रिकच घ्यावं म्हणतो. तुमच्यापाशी जुनी आहे, प्रफुल्लपाशी नवी आहे. तुम्ही खरेदीतले. दोन्हीचा तक्ता करून आणा ना.”

लक्षात आलं का तुमच्या? जुनी आवृत्ती जिंकली, तर मामाजींना जुनी हवी होणार. जुनी तर कंपनी बनवत नाही. मग ती मिळणार कुठं? माझ्या पार्किंगमध्ये! मी जड अंतःकरणानं म्हणणार, ‘मामाजी, तुमच्यासाठी माझीच देतो,’ ते गहिवरणार, आणि मी नवीन गाडीच्या त्या सीटवर पाठ टेकवणार.

दुसऱ्याच दिवशी वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये गेलो आणि नवी गाडी बुक करून टाकली. वैशालीलाही सांगितलं नाही. तिथल्या मॅडमनी विचारलं, “सर, जुनी एक्सचेंजमध्ये देणार का?” मी मोठ्या रुबाबात म्हणालो, “नको मॅडम, ती घरातच जाईन.” त्या म्हणाल्या, महिनाभर थांबावं लागेल. मी म्हणालो, थांबतो. तक्त्यालाही वेळ हवाच होता.

आणि मग मी तक्ता बसवला! आयुष्यातला सर्वोत्तम तक्ता, मित्रांनो. दोन रविवार घातले. एकतीस मुद्दे काढले. जुनी आवृत्ती एकतीस, नवी शून्य!

कठीण नव्हतं का? होतं ना. नव्या गाडीची बॅटरी मोठी, ती एका चार्जिंगमध्ये बरीच लांब जाते. हे लपवणार कसं? मी लिहिलं, ‘जुनी आवृत्ती मर्यादित अंतर जात असल्याने चालकास वेळेत घरी परतण्याची शिस्त लागते. नव्या आवृत्तीत भटकण्याची प्रवृत्ती बळावते.’ नवीला चहूबाजूंनी कॅमेरे आहेत. मी लिहिलं, ‘जुनीत मागे वळून पाहावे लागत असल्याने मानेस व्यायाम होतो.’ नवी लवकर चार्ज होते, तर ‘घाई हे अपघाताचे मूळ कारण आहे.’ नवीच्या बॉनेटखाली सामान ठेवायला जागा आहे, तर ‘ठेवलेली वस्तू विसरण्याचा संभव, विशेषतः ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत.’ आणि मालक जवळ आला की नवीचे दिवे नाचतात, तिथं ‘शेजाऱ्यांशी संबंध बिघडण्याची शक्यता.’

राहिली ती सीट. तिथं माझा पेन अर्धा तास अडला. शेवटी मन घट्ट केलं आणि लिहिलं, ‘सीटखालील पंख्यामुळे पाठीच्या कण्यास सतत वारा लागून स्नायू आखडतात. अनावश्यक व आरोग्यास अपायकारक.’ खोटं लिहिताना मला चोवीस वर्षांत कधी पाणी प्यावं लागलं नव्हतं. त्या दिवशी दोन ग्लास प्यायलो.

वैशाली मागे उभी राहून वाचत होती हे मला कळलंच नाही.

“हे काय लिहून राहिले तुम्ही?”

“तक्ता.”

“काहून बाबाले गंडवून राहिले हो? मानेले व्यायाम होते म्हणे! मागच्या महिन्यात गाडी मागं घेताना तुमची मान लचकली, आठ दिवस पट्टा लावून फिरले ते विसरले का?”

मी तिला सगळा बेत सांगितला. म्हणजे बुकिंग सोडून सगळा. म्हणालो, “अवं, आपली गाडी काय वाईट आहे का? चांगली गाडी बाबालेच देऊन राहिलो ना? याच्यात गंडवणं कुठं आलं?”

“मग चांगली आहे तं आपणच ठेवू ना!”

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाच शोधायला हवं होतं. पण मी खरेदी शाखेचा माणूस. आम्हाला प्रश्न साहेब विचारतात, बायको विचारते तो प्रश्न आम्ही मोजतच नाही. ती म्हणाली, “बाबाले तोंड दाखवायले जागा राहणार नाही, पाहून घेजा,” आणि कुकर लावायला निघून गेली.

रविवारी मी तक्ता मामाजींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “मेहनत दिसते. आठ दिवस द्या मले.”

मेहनत दिसते! बावीस वर्षांत पहिल्यांदा! मी परत येताना गाडीत शीळ घातली.

पण तिथं माझी साळी बसली होती ना, वंदना. प्रफुल्लची बायको. तिनं तक्त्याचा फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला. झालं! सोमवारी सकाळी प्रफुल्ल ड्युटीवर जायच्या आधी माझ्या दारात.

“भाऊ, खरं सांगा. मी चूक केली का?”

“कशाची चूक गा?”

“तुमचा तक्ता वाचला ना मी. रातभर झोप नाही. सीटचा पंखा तं कालपासूनच बंद केला. कण्याचं मले माहीतच नव्हतं हो!”

बघा, इथं मी खरं बोलू शकलो असतो. ‘अरे वेड्या, लाव पंखा, मजा कर,’ एवढंच म्हणायचं होतं. पण मामाजींचे आठ दिवस संपायचे होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “होते गा असं. माणूस नव्याले भुलते.”

त्या मे महिन्यात तो माणूस हिंगण्याला रोज घामेघूम होऊन जायचा आणि घामेघूम होऊन यायचा. तीन दिवसांनी वंदनानं फोनवर माझी हजेरी घेतली. “भाऊजी, काय लिहून ठेवलं तुम्ही? हे मलेही पंखा लावू देत नाहीत! मी म्हटलं, कणा माझा आहे ना, तं म्हणते, भाऊनं लिहिलं आहे!”

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. पण प्रफुल्लनं सावधगिरी म्हणून तक्ता आपल्या कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो मनीषनगरात आला, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मलाच पाठवला गेला, वर ‘अवश्य वाचा, डोळे उघडतील’ असं लिहून. खाली माझं नाव होतंच, हुद्द्यासकट!

मग काय! ज्यांनी ज्यांनी जुनी गाडी घेतली होती आणि पाच महिन्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता, ते सगळे दुखावलेले लोक माझ्या शोधात निघाले. बेसापासून आले, त्रिमूर्तीनगरातून आले. एका गृहस्थांनी माझ्याबरोबर फोटो काढला. एका वहिनींनी डोळे पुसत सांगितलं, “आमचे हे सहा महिने झाले बोलत नव्हते कोणाशी. तुमचा तक्ता वाचला अन् परवा स्वतःहून गाडी धुतली.” शनिवारी आमच्याच पार्किंगमध्ये ‘मूळ आवृत्ती मालक मंडळ’ स्थापन झालं. अध्यक्ष कोण? दुसरं कोण असणार! बोरकर काकांनी माझ्या गळ्यात हार घातला. त्यांच्याकडे गाडीच नाही, पण हार त्यांनी आणला होता.

मी भाषण केलं. “मित्रांनो, नव्याचा मोह टाळा!” असं म्हणालो आणि खिशातला फोन वाजला. भाषण संपल्यावर पाहिलं तर शोरूमचा निरोप होता. ‘अभिनंदन! आपली नवीन गाडी पुढील आठवड्यात मिळेल.’

मी हार काढला. मानेला टोचत होता.

आता मागे फिरायला जागा नव्हती. नवी गाडी आली की मंडळाला काय सांगणार, हे मी ठरवून ठेवलं होतं. सांगणार होतो, ‘सासऱ्यांसाठी त्याग केला.’ त्यागावर कोणी बोट ठेवत नाही. फक्त मामाजींनी हो म्हणायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मामाजींनी सगळ्यांना आमरसाच्या जेवणाला बोलावलं. आम्ही दोघे, प्रफुल्ल, वंदना, मुलं. जेवणं झाली. मामाजींनी हात पुसले, तक्ता काढला आणि खुर्चीत सरळ बसले. मी माझा ‘मामाजी, माझीच घ्या’ तोंडात तयार ठेवला होता.

“मी चौतीस वर्षं लोकाइचे कागद तपासले,” ते म्हणाले. “पण असा तक्ता पाहिला नाही. तीनदा वाचला. एकतीस मुद्दे, अन् एकतीसच्या एकतीस जुन्या गाडीचे. जावईबापू, याच्यात काही चूकभूल तं नाही?”

“अजिबात नाही मामाजी.”

“जुनीच चांगली?”

“शंकाच नाही.”

“नव्या गाडीत घ्यावं असं काहीच नाही?”

“काहीच नाही! फुकट दिली तरी घेऊ नये.”

हे शेवटचं वाक्य मला कोणी विचारलं होतं का? नव्हतं. पण मंडळाचा अध्यक्ष होतो ना मी!

मामाजींनी मान हलवली. “मलेही तेच वाटलं. म्हणून मी विचार केला, इतकी चांगली गाडी माझ्या पोरीच्या दारात उभी आहे. कंपनी आता ती बनवत नाही. अन् मी म्हातारा माणूस ती मागून घेऊ? मी काय इतका स्वार्थी आहो का? ती तुमच्यापाशीच राहिली पाहिजे. माझं काय, दवाखान्यात जायचं अन् यायचं. मले नवी चालते.”

माझ्या तोंडात आमरसाची चव अचानक आंबट झाली. “मामाजी, पण तुमच्यासाठी मी माझी...”

“थांबा, झालं नाही माझं.” त्यांनी हात वर केला. “शुक्रवारी मी शोरूमले गेलो, नवी बुक कराले. तिथल्या मॅडमनं यादी उघडली, तं यादीत आधीच आपल्या जावईबापूंचं नाव!”

कोणीतरी श्वास रोखल्याचा आवाज आला. तो मीच होतो. वैशाली माझ्याकडे वळली. ती नजर मला इथं वर्णन करता येणार नाही, घरी जायचं आहे मला.

“समजलं का तुम्हाले?” मामाजी सगळ्यांकडे पाहून म्हणाले. “याइले माहीत होतं, हा म्हातारा माझी गाडी घेणार नाही. म्हणून मले न सांगता, कोणालेच न सांगता, महिनाभर आधी माझ्यासाठी बुक करून ठेवली! सख्खा पोरगा करणार नाही एवढं!”

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. प्रफुल्ल तर उठून माझ्या पाया पडायला लागला. “भाऊ, तुम्ही किती मोठे आहा!” वंदना म्हणाली, “भाऊजी, मी तुम्हाले फोनवर काहीबाही बोलली, माफ करजा.” आणि मी? मी काय म्हणणार? ‘नाही हो, ती माझ्यासाठी आहे, जुनी तुमच्या गळ्यात मारायची होती’ असं? मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, किती विनम्र!

“बुकिंग माझ्या नावावर करून घेतलं आहे,” मामाजी म्हणाले. “तुमची सही लागन तेवढी फक्त.”

मी सही केली. आयुष्यात इतक्या सह्या केल्या, पण ती सही करताना आडनाव चुकलो.

गाडी मिळाली तेव्हा नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला होता. नवतप्याचं नागपूर कोणाला समजावून सांगायची गरज नाही. आम्ही सगळे शोरूमला गेलो. नारळ फोडला, लिंबं चाकाखाली ठेवली. तीच पांढरी गाडी, मला मिळणार होती ती! मामाजी जवळ गेले तर तिचे दिवे नाचले. शेजाऱ्यांशी कुणाचेही संबंध बिघडले नाहीत. सासूबाई वैशालीसोबत आमच्या गाडीत बसल्या, आणि मामाजी मला म्हणाले, “जावईबापू, तुम्ही माझ्यासंग या. नवीन गाडी आहे, बाजूले जाणकार माणूस पाहिजे.”

मामाजींनी गाडी वर्धा रोडवर काढली. ते दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून अगदी सावकाश चालवत होते, आणि मी बाजूला घामानं निथळत बसलो होतो. सीटचं बटन माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. पण ज्यानं कण्याबद्दल लिहिलं त्यानंच हात कसा लावायचा?

सिग्नलला गाडी थांबली. समोर पाहतच मामाजी म्हणाले, “त्या मॅडमनं मले आणखी एक गोष्ट सांगितली. म्हणे, साहेबाइची जुनी गाडी एक्सचेंजमध्ये नाही, घरातच जाणार आहे.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. एक संत्रीवाला दिसला. मी त्याच्याकडे फार लक्ष देऊन पाहिलं.

“घरात बिनगाडीचा मीच एक उरलो होतो ना जावईबापू?”

“मामाजी, मी...”

“आता ऐका. तक्त्यातले मुद्दे मी कधीच वाचत नव्हतो. तक्ता करणाऱ्याले कोणती वस्तू खपवायची आहे तेवढं पाहो, अन् दुसरी चांगली आहे असं समजो. चौतीस वर्षांत एकदाही फसलो नाही. या वेळेस तं तुम्ही एकतीस मुद्दे लिहिले. पाच-सहा लिहिले असते तं माझी खात्री पटाले जरा वेळ लागला असता.”

मी म्हणालो, “मग तुम्ही... सगळ्यांसमोर तुम्ही माझी एवढी तारीफ...”

“पोरीचा नवरा आहे ना तुम्ही,” ते म्हणाले. “चारचौघात आक्षेप काढून पोरीची मान खाली घालायची का? अन् उद्या प्रफुल्लले सांगा, कण्याले काही होत नाही म्हणा. त्या पोराच्या पाठीवर घामोळं आलं आहे.”

(सांगितलं मी, सगळंच; आणि प्रफुल्लच्या पोटात काही राहत नाही, म्हणून तर आज पाहुण्यांना ही गोष्ट वाढली जाते.) तुम्हाला सांगतो, त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बावीस वर्षं ज्या माणसासमोर वजन पडावं म्हणून धडपडलो, त्यानं मला आरपार वाचलं होतं आणि वर माझी अब्रूही झाकली होती. मला खरोखर लाज वाटली. कानापर्यंत वाटली.

सिग्नल सुटला. मामाजींनी माझ्या सीटचं बटन स्वतःच दाबलं. पाठीला हवा लागली, गार, अगदी तीच. “घ्या,” ते म्हणाले. “याच्यासाठीच होता ना सगळा खटाटोप?”

आता मला सांगा, स्वाभिमान म्हणून काही असतं की नाही? असतं ना! मी ठरवलं होतं, ठामपणे म्हणायचं, ‘नको मामाजी, माझी ती लायकी नाही.’ तोंड उघडलंही होतं. पण नवतपा होता हो, आणि दुपारचा दीड वाजला होता. जे बाहेर पडलं ते माझ्या कानांनीच ऐकलं.

“मामाजी, पंखा एक नंबर वाढवता का जरा?”